दिव्यामागची भिंत

उत्तर अमेरिकेतील उपनगरी घराची बाहेरची भिंत ही विटांची किंवा काँक्रीटची एकसंध वस्तू नसून एकामागे एक बसवलेल्या थरांची रचना असते, आणि त्या रचनेतील प्रत्येक थराला आपले असे एक काम नेमून दिलेले असते. दीड इंच जाडीचे आणि साडेतीन किंवा साडेपाच इंच रुंदीचे लाकडी खांब साधारणपणे १६ इंचांच्या अंतराने उभे करून केलेला सांगाडा घराचा भार पेलतो. खांबांमधील पोकळीत भरलेला काचतंतूंचा थर हिवाळ्यातील थंडी अडवतो. सांगाड्यावर बाहेरून ठोकलेले प्लायवूडचे किंवा लाकडाच्या कपच्या दाबून केलेले तक्ते त्याला वाऱ्यात तिरका होऊ देत नाहीत. या तक्त्यांवर पूर्वी डांबर लावलेला कागद असे आणि आता बहुधा प्लॅस्टिकच्या तंतूंचे पातळ वेष्टन असते, जे बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही पण आतली वाफ बाहेर सोडते. आणि या सर्वांच्या बाहेर, ऊन, पाऊस, हिम आणि शेजाऱ्यांची नजर यांना तोंड देणारे जे शेवटचे आवरण असते, त्याला तेथे साइडिंग म्हणतात.

साइडिंग कशाचे असावे याबाबत तेथील लोकांच्या आवडी पिढीगणिक बदलत आल्या आहेत. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर सीडरच्या लाकडाच्या पातळ फळ्या आणि चिपा शतकानुशतके वापरात आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची लाट आली, आणि तो पत्रा दारोदार फिरून खपवणाऱ्या विक्रेत्यांच्या लबाड्या इतक्या प्रसिद्ध झाल्या की बॅरी लेव्हिन्सन यांनी १९६३ च्या बाल्टिमोरमध्ये घडणारा ‘टिन मेन’ हा चित्रपट १९८७ मध्ये त्यांच्यावरच काढला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हायनिल, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पट्ट्या, बाजारात आल्या, आणि नंतर सिमेंट, वाळू व लाकडाचा लगदा यांपासून केलेल्या फायबर सिमेंटच्या फळ्या. यांपैकी कोणतेही साइडिंग घराइतके टिकत नाही, त्यामुळे एका घराच्या आयुष्यात ते कधीतरी उतरवून नवे चढवावे लागते, आणि तेव्हा दाराशेजारच्या, गॅरेजच्या दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या अंगणाकडे तोंड करून असलेल्या दिव्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. दिवा काढायचा, साइडिंग बसवायचे आणि दिवा पुन्हा लावायचा, इतके त्याचे उत्तर सोपे वाटते. परंतु संपूर्ण भिंतीचे सर्व थर एकाच जागी भेदले जातात अशी ठिकाणे थोडी असतात आणि दिवा हे त्यांतील एक असल्यामुळे, भिंत कशी बांधली आहे याची परीक्षा तिच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर न होता या चार इंचांच्या भोकापाशी होते. या परीक्षेत हातातील कसबाइतकाच, किंबहुना अधिक, क्रम महत्त्वाचा ठरतो: कोणत्या थरावर कोणता थर यावा, आणि कोणाच्या कामानंतर कोणाचे काम व्हावे.

पाणी भिंतीत का शिरते याचे अत्यंत स्वच्छ विवेचन कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये केले. भिंतीवर पाणी असणे, त्या पाण्याला आत जाण्यासाठी भोक असणे आणि त्या भोकातून पाणी ढकलणारे बळ असणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच गळती होते, आणि तिन्हींपैकी एक जरी दूर केली तरी ती थांबते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. बळे अनेक असतात: गुरुत्वाकर्षण पाण्याला खाली ओढते, वाऱ्याने फेकलेला थेंब आपल्या वेगाने आत घुसतो, केसासारख्या बारीक फटीत पाणी पृष्ठताणाने स्वतःहून चढते, आणि बाहेर वाऱ्याचा दाब जास्त व भिंतीच्या आत कमी असला की हवेबरोबर पाणीही आत शोषले जाते. गार्डन यांच्या विवेचनाचे खरे वेगळेपण असे, की भिंतीवरचे प्रत्येक भोक कायमचे बुजवणे शक्य नाही हे त्यांनी गृहीत धरले आणि म्हणून भोकांऐवजी बळाला निष्प्रभ करण्याचा मार्ग सुचवला: बाहेरच्या आवरणामागे हवेची पोकळी ठेवावी, तिच्यातील दाब बाहेरच्या दाबाइतका राहू द्यावा, आणि तरीही जे थोडे पाणी आत येईल त्याला त्या पोकळीतून खाली वाहून बाहेर पडण्याची वाट ठेवावी. साइडिंग जलाभेद्य असते ही सर्वसामान्य समजूत या दृष्टीने चुकीची ठरते. व्हायनिलच्या पट्ट्यांच्या खालच्या कडेला पाणी गळून जाण्यासाठी कारखान्यातच बारीक छिद्रे पाडलेली असतात, आणि खरा पहारा त्यांच्यामागील वेष्टन देत असते.

त्या वेष्टनाचा नियम मात्र अतिशय जुना आहे. कोकणात झडीच्या पावसात मातीच्या भिंती धुऊन जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जात, आणि ते खालून वर असे बांधत, जेणेकरून वरच्या झापाची कड खालच्या झापावर येईल आणि पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरत जमिनीवर पडेल. अमेरिकेतील सुतार वेष्टनाच्या पट्ट्या, कोपऱ्यांवरच्या चिकटपट्ट्या आणि पत्र्याच्या पन्हळी याच क्रमाने लावतो. हा क्रम एकाच ठिकाणी उलटा झाला, म्हणजे खालचा थर वरच्याच्या बाहेर आला, की तेथे पाण्यासाठी एक खिसा तयार होतो, आणि खिशाचे तोंड वर असल्याने पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते.

दिवा येथे येतो. त्याच्यासाठी वेष्टनातून एक तार बाहेर काढलेली असते, आणि ती तार ज्या पेटीत येते ती पेटी तक्त्याला किंवा खांबाला पक्की केलेली असते. नवे साइडिंग चढवताना या पेटीभोवती एक चौकोनी किंवा गोल ठोकळा बसवला जातो, ज्याला तेथील कारागीर माउंटिंग ब्लॉक म्हणतात. व्हायनिलसाठी हा ठोकळा तयार मिळतो आणि त्याचे दोन भाग असतात: मागचा भाग रुंद कडेसह भिंतीवर ठोकला जातो, साइडिंगच्या पट्ट्या त्याच्याभोवती कापून बसवल्या जातात, आणि मग पुढची चौकट खटकन त्यावर बसून कापलेल्या कडा झाकते. फायबर सिमेंटसाठी किंवा लाकडासाठी ठोकळा बहुधा जाड पीव्हीसी फळीचा अथवा सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या टोकांना, रंगाचा पहिला हात दिलेल्या लाकडाचा असतो, आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजी झेड अक्षराच्या घडीचा एक पत्रा येतो, ज्याची वरची बाजू वेष्टनाच्या आत सरकवलेली असते आणि खालची बाजू ठोकळ्याच्या पुढे आलेली असते. पत्रा वेष्टनाच्या आत जाणे हाच सगळा मुद्दा आहे. तो वेष्टनाच्या बाहेरून नुसता चिकटवला तर पहिल्या काही पावसांत काही दिसत नाही, परंतु चिकटपट्टी सुटल्यावर वेष्टनावरून उतरणारे पाणी पत्र्याच्या मागे, तेथून ठोकळ्याच्या मागे आणि शेवटी पेटीत जाते. फायबर सिमेंट बनवणारे या पत्र्याच्या वर आणि फळीच्या खाली पाव इंचाची फट सोडायला सांगतात आणि ती बुजवू नये असेही बजावतात; ती फट म्हणजे पाण्याची बाहेरची वाट असते.

उतरत्या फळ्यांच्या भिंतीवर ठोकळ्याचा आणखी एक उपयोग असतो, ज्याकडे आता फारसे कोणी पाहत नाही. एकावर एक चढवलेल्या लाकडी फळ्यांचा दर्शनी पृष्ठभाग उभा नसतो, किंचित कललेला असतो, आणि त्यावर सरळ दिवा लावला तर तो तिरका दिसतो. म्हणून जुने सुतार ठोकळ्याची मागची बाजू फळ्यांच्या पायऱ्यांप्रमाणे कोरून घेत, म्हणजे पुढची बाजू ओळंब्यात राही. हे काम आता कारखान्याने साच्यात करून ठेवले आहे, आणि खरे सांगायचे तर साच्यातला ठोकळा चांगल्या सुताराइतका नीट बसत नाही, पण वाईट सुतारापेक्षा कितीतरी नीट बसतो.

व्हायनिलच्या बाबतीत ठोकळ्याशिवाय गत्यंतरच नाही, कारण ते स्थिर राहत नाही. पीव्हीसी उष्णतेने लाकडापेक्षा पुष्कळच अधिक प्रसरण पावते, त्यामुळे साडेबारा फुटांची एक पट्टी कडाक्याच्या हिवाळ्यापासून भर उन्हाळ्यापर्यंत सुमारे अर्धा इंच किंवा त्याहून थोडी अधिक लांब-आखूड होते. म्हणून ती भिंतीला घट्ट ठोकली जात नाही, टांगली जाते: खिळा पट्टीच्या लांबट खाचेच्या मध्यभागी मारतात, त्याचे डोके पट्टीपासून इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतके दूर ठेवतात, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना पाव इंच मोकळी जागा सोडतात, थंडीत काम करताना त्याहूनही थोडी अधिक. अशा सरकत्या पट्टीतून थेट स्क्रू घालून दिवा आवळला, तर पट्टी त्या एका बिंदूवर खिळून राहते. उन्हाळ्यात तिला लांब व्हायला जागा उरत नाही, ती लाटेसारखी फुगते, आणि दिव्याजवळच्या त्या फुगवट्याचे खापर घरमालक प्लॅस्टिकच्या दर्जावर फोडतो. ठोकळ्याच्या योजनेत दिव्याचा भार भिंतीवर जातो आणि पट्टी ठोकळ्याच्या खाचेत मोकळी सरकत राहते. याच प्लॅस्टिकला उष्णतेचेही वावडे आहे. सुमारे १६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ७१ अंश सेल्सियसच्या आसपास, ते मऊ पडू लागते, आणि तंतूच्या जुन्या बल्बच्या काळात भिंतीला टेकलेल्या बंदिस्त दिव्याच्या पाठीशी साइडिंगने आकार सोडण्याचा धोका असे. एलईडीने ही एक चिंता बरीच कमी केली आहे.

विजेच्या बाजूने पाहिले तर नियम पाण्याच्या नियमांपेक्षा अधिक कडक आहेत आणि त्यांमागे आगीचा इतिहास आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय विद्युत संहिता १८९७ मध्ये प्रथम तयार झाली, आग-प्रतिबंधक संघटना ती दर तीन वर्षांनी सुधारून प्रसिद्ध करते, आणि राज्ये तिला आपापल्या कायद्यात घेतात. तारांचा प्रत्येक जोड पेटीत असला पाहिजे, ती पेटी भिंतीचा कोणताही भाग न तोडता उघडता आली पाहिजे, आणि जोड करण्यासाठी निदान सहा इंच मोकळी तार हाताशी असली पाहिजे, या तिच्या अटी कोणत्याही वायरमनला पाठ असतात. साइडिंग बदलण्याच्या संदर्भात सर्वांत जास्त मोडली जाणारी अट मात्र पेटीच्या खोलीची आहे. लाकडासारख्या जळू शकणाऱ्या पृष्ठभागात पेटीची कड पृष्ठभागाशी समतल किंवा त्याच्या पुढे असावी लागते, आणि न जळणाऱ्या पृष्ठभागातही ती पाव इंचाहून अधिक आत चालत नाही, कारण पेटीच्या कडेपासून दिव्याच्या बैठकीपर्यंत जो बोळ उरतो त्यात सैल जोडाची ठिणगी उडाली तर तिच्याभोवती धातूऐवजी लाकूड किंवा फोम असतो. जुने साइडिंग तसेच ठेवून त्यावर इंचभर फोमचे तक्ते आणि मग नवे साइडिंग चढवले, की कालपर्यंत समतल असलेली पेटी एका दिवसात दीड-दोन इंच आत जाते. यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे: पेटीवर वाढीव कडे बसवता येते, किंवा पेटी काढून पुढे आणता येते, किंवा ज्यात पेटी आणि ठोकळा एकच असतो असा तयार नग वापरता येतो. परंतु तो उपाय साइडिंग चढण्यापूर्वी करावा लागतो, नंतर नव्हे.

जुन्या घरांत तर कित्येकदा पेटीच सापडत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लाकडी घरांच्या दारावरचा दिवा उतरवला की फळीतील एका भोकातून बाहेर आलेल्या, कापडी आवरणाच्या दोन तारा दिसतात. अर्थिंगची तिसरी तार नसते, आणि दिवा फळीलाच स्क्रूने धरलेला असतो. साइडिंग उतरवण्याचा दिवस हाच अशी जागा दुरुस्त करण्याचा सर्वांत स्वस्त दिवस असतो, कारण भिंत एरवी कधी इतकी उघडी पडत नाही. उलट, नवे आवरण जुन्यावर चढवून टाकले तर खालची कुज आणि तारांची दैना दोन्ही नजरेआड होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने ऐतिहासिक लाकडी इमारतींवरील ॲल्युमिनियम आणि व्हायनिल साइडिंगविषयी जी माहितीपत्रिका काढली आहे, तीत हीच भीती ठळकपणे नोंदवलेली आहे.

मग चुका इतक्या नेमाने का होतात? ज्ञानाच्या अभावाने होत नाहीत, हे गार्डन यांच्या निबंधाच्या तारखेवरूनच उघड आहे. तो निबंध प्रसिद्ध होऊन वीस वर्षे लोटल्यावर, १९८० आणि १९९० च्या दशकांत, त्यांच्याच देशातील व्हँकुव्हर आणि आसपासच्या किनारपट्टीवर हजारो सदनिका अशा बांधल्या गेल्या की त्यांच्या भिंतींत शिरलेले पाणी बाहेर पडू शकेना, सांगाडे कुजले, आणि सदनिकाधारकांची आयुष्यभराची बचत दुरुस्तीत गेली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने १९९८ मध्ये या संकटाचा अहवाल दिला, आणि त्या काळातील तपासण्यांत पुन्हा पुन्हा हेच दिसले की पाणी भिंतीच्या सलग भागातून फारसे आले नव्हते. ते खिडक्यांच्या कडांतून, सज्जांच्या जोडांतून आणि निरनिराळ्या भोकांतून, म्हणजे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते तेथून आले होते. दाराजवळचा दिवा हे या जागेचे लहान रूप आहे. साइडिंगवाल्याला अनेक राज्यांत तारांना हात लावण्याचा परवाना नसतो, म्हणून तो दिवा न काढता त्याच्याभोवतीच पट्ट्या कापत जातो. वायरमनला वेष्टन आणि पत्रा यांचा क्रम शिकवलेला नसतो, आणि त्याला बोलावले जाते तेव्हा साइडिंग चढून गेलेले असते. कंत्राटात दोघांचीही कामे लिहिलेली असतात, पण ठोकळा कोणी लावायचा हे बहुधा लिहिलेले नसते. घर बांधण्याच्या कलेवर पुस्तके पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेक धंद्यांनुसार प्रकरणे पाडतात, ही गोष्टही येथे अगदीच निर्दोष म्हणता येणार नाही.

योग्य क्रम सांगायला दोन वाक्ये पुरतात. मुख्य फलकावरून वीज बंद करून, मीटरने ती गेल्याची खात्री करून वायरमनने आधी दिवा उतरवावा, तारांची टोके झाकावी आणि पेटी नव्या जाडीला जुळेल अशी पुढे आणावी. त्यानंतर साइडिंगवाल्याने वेष्टन, ठोकळा, पत्रा आणि पट्ट्या या क्रमाने काम करावे, आणि शेवटी वायरमनने परत येऊन, पाठीमागे रबरी गादी असलेला आणि उघड्या भिंतीसाठी प्रमाणित केलेला दिवा जोडावा, कारण छपराखालच्या ओलसर जागेसाठी वेगळे आणि थेट पाऊस लागणाऱ्या जागेसाठी वेगळे असे दिव्यांचे दोन दर्जे तेथे मानले जातात आणि पहिला दुसऱ्याच्या जागी चालत नाही. यात वायरमनच्या दोन फेऱ्या होतात. व्यवहारात क्रम मोडतो तो जवळजवळ नेहमी या दुसऱ्या फेरीचे पैसे वाचवण्यासाठी.

दिवे खाली उतरलेलेच असताना ते पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवर लावायचे का, हाही विचार करण्यासारखा असतो. दाराशेजारचा दिवा उंबऱ्यापासून साधारण साडेपाच ते सहा फुटांवर असावा असा संकेत आहे, आणि जुन्या घरांत तो पुष्कळदा दारावर मधोमध असतो, जेथून तो आलेल्या पाहुण्याचा चेहरा सावलीत ठेवतो. गडद लाकडाच्या जागी पांढरे व्हायनिल आले की तोच दिवा दुपटीने प्रखर भासू लागतो, कारण आता भिंतही प्रकाश परतवू लागते. १९८८ मध्ये ॲरिझोनातील टूसॉन येथे स्थापन झालेली, काळोख्या आकाशाच्या रक्षणासाठी काम करणारी संस्था वरून झाकलेले आणि ३००० केल्विन किंवा त्याहून उबदार प्रकाशाचे दिवे सुचवते, आणि साइडिंग बदलण्याची वेळ त्या सल्ल्याला सोयीची असते. या दिव्याला तेथे थोडे सामाजिक कामही असते: ३१ ऑक्टोबरला हॅलोवीनच्या संध्याकाळी तो लागलेला दिसला तर मुलांनी खाऊ मागायला यावे, विझलेला दिसला तर पुढच्या घरी जावे, हा अलिखित करार सगळी गल्ली पाळते, आणि न्यू जर्सीतील मराठी घरांत त्याच सुमारास आकाशकंदीलही दाराशी टांगला जातो.

सर्व काही बसल्यावर उरते ती सिलिकॉनची रेघ, आणि तिच्याविषयी तेथील घरमालकांच्या मनात जो विश्वास आहे तो कोणत्याही पुराव्याने डळमळत नाही. सिलिकॉन ऊन आणि हालचाल सोसत काही वर्षे चांगले टिकते, मग एका कडेने सुटते, आणि सुटलेली कड मोकळ्या फटीपेक्षा वाईट असते, कारण ती केसाएवढी बारीक असल्याने पाणी स्वतःहून शोषून घेते. म्हणून जाणकार कारागीर ते दिव्याच्या बैठकीच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी लावतो, आणि खालची कड जाणूनबुजून उघडी ठेवतो: हिवाळ्यात घरातील उबदार हवा तारेच्या भोवतीने पेटीत आली की तिची वाफ थंड धातूवर पाणी होऊन जमते, वरच्या रेघेतूनही कधी थेंब उतरतो, आणि या पाण्याला खाली वाट लागते. घरमालकाला मात्र ती उघडी कड काम अर्धवट टाकून गेल्याची खूण वाटते, आणि पुढच्या वसंतात तो दुकानातून सिलिकॉनची नळी आणून ती स्वतःच्या हाताने नीटनेटकी बुजवतो. त्यानंतर पेटीतल्या पाण्याला एकच वाट उरते, तारेच्या भोवतालची, आणि ती घरात जाते.